एक पूर्णांक एक

आयर्लंडमधल्या ड्रमशॅलनच्या रुग्णालयात रक्ताची लॅब तळमजल्यावर, अगदी शेवटच्या दारामागे होती. गुरुवारी सकाळी नऊच्या सुमाराला केमोथेरपीच्या वॉर्डातून रक्ताच्या नळ्या खाली यायच्या, कारण त्या दिवशी कुणाला औषध चढवायचं आणि कुणाला परत पाठवायचं हे त्या नळ्यांवर ठरायचं. इरावती तिथे अकरा वर्षं काम करत होती. यंत्रातून आलेले आकडे तपासायचे, ठीक असतील तर पुढे पाठवायचे, एखादा ठरलेल्या रेषेच्या खाली असेल तर वॉर्डला फोन करायचा. पेशंटशी तिचा संबंध नळीवरच्या चिठ्ठीपुरता.

मार्चमधल्या त्या गुरुवारी एका चिठ्ठीवर नाव होतं रुविम्बो मारांगे. दीड तासापूर्वी इरावतीनेच तिला आपल्या गाडीतून रुग्णालयाच्या दारात सोडलं होतं.

जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा आला होता एक पूर्णांक एक. रेषा दीडवर होती. इरावतीने नमुना यंत्रावर पुन्हा लावला, काचेवर रक्त पसरून मायक्रोस्कोपखाली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आकडा हलला नाही. मग तिने फोन उचलला.

"म्हणजे आजही नाही," पलीकडून नर्स म्हणाली. "बिचारी. हातात सुई लावून बसलीय. सांगते मी तिला."

रुविम्बोसाठीचा जानेवारीपासूनचा हा तिसरा फोन होता आणि तिन्ही इरावतीनेच केले होते.

रुविम्बोची आणि तिची ओळख कॅमोगीच्या मैदानावरची. इरावतीची रेवा आणि रुविम्बोची तारीरो बारा वर्षांखालच्या संघात एकत्र खेळायच्या. लाकडी काठीने चेंडू हाणायचा तो खेळ बघताना इरावतीचा जीव खालीवर व्हायचा, आणि शेजारी उभी असलेली ही उंच, सावकाश बोलणारी बाई मात्र शांतपणे संत्री सोलत असायची. ती झिम्बाब्वेची. आश्रय मागून आयर्लंडला आली, चार वर्षं सरकारी निवारा केंद्रात काढली, मग कागदपत्रं झाली आणि वृद्धाश्रमात काळजीवाहक म्हणून लागली. पहिल्याच दिवशी तिने इरावतीला 'माई रेवा' अशी हाक मारली. "आमच्याकडे बाईला तिच्या मुलाच्या नावाने बोलावतात. माई म्हणजे आई." इरावती हसली होती. "आमच्या बिल्डिंगमध्येही मला सगळे रेवाची आईच म्हणायचे. आणि माई म्हणजे आमच्याकडेही आईच." त्या एका शब्दाने दोघींची गट्टी जमली.

डिसेंबरमध्ये रुविम्बोने तिला स्तनातल्या गाठीचं सांगितलं. गाठ तिला आधीच्या वर्षीच लागली होती, निवारा केंद्रात असताना. तिथल्या डॉक्टरांनी हार्मोन्सचं असेल म्हणून थांबायला सांगितलं. नंतर त्यांनी तपासणीसाठी चिठ्ठी दिली, पण तेवढ्यात त्या मायलेकींना दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रात हलवलं. रुग्णालयाचं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं. नव्या गावातल्या दवाखान्यांत नवे पेशंट घेणं बंद होतं. सात महिने असे गेले. शेवटी कॅन्सरचं निदान झालं तेव्हा गाठ लिंबाएवढी होती आणि काखेतही पसरली होती. जात अशी की नेहमीच्या हार्मोनच्या गोळ्या तिच्यावर चालत नाहीत. आधी केमो, मग शस्त्रक्रिया, असं ठरलं.

तेव्हापासून दर केमोच्या गुरुवारी इरावती तिला सकाळी सातला घ्यायची आणि संध्याकाळी घरी सोडायची. आपण लॅबमध्ये आहोत एवढंच तिने सांगितलं होतं. तिच्या रक्ताची नळी आपल्याच टेबलावर येते, हे सांगितलं नव्हतं. सांगायचं नसतं, असा नियम होता, आणि नियमाची इरावतीला सवय होती.

त्या दिवशी साडेचारला ती वर आली तेव्हा रुविम्बो कॅन्टीनमध्ये थंड झालेल्या चहापुढे बसली होती.

"काय झालं?" इरावतीने विचारलं. उत्तर तिला सकाळी सव्वानऊपासून माहीत होतं.

"रक्त कमी पडलं. पुन्हा." रुविम्बोने कोट चढवला. "आहारतज्ज्ञ बाई येऊन गेल्या. घरी काय शिजवते विचारत होत्या. केंद्रात इतकी वर्षं काढलीत, पोषण राहिलं असेल, म्हणाल्या. लिव्हर खा, पालक खा. पालक मी आता इतका खाल्लाय की स्वप्नात येतो."

इरावतीने मान डोलावली. तिनेही तेच धरलं होतं. केंद्रातलं ते ट्रेमधलं जेवण, वृद्धाश्रमातल्या बारा-बारा तासांच्या पाळ्या. अंगात रक्त राहणार कुठून? म्हणून दर रविवारी ती अळिवाचे लाडू करून डबा भरून द्यायची. रुविम्बो ते गुमान खायची.

गाडी गावाबाहेर पडली. वळणावर रुविम्बो सहज म्हणाली, "माझं रक्त मुळातच आळशी आहे बहुतेक. तारीरो पोटात होती तेव्हा हरारेतली नर्सही हेच म्हणाली होती. केंद्रातल्या डॉक्टरनेही दोनदा परत काढायला लावलं. पण मी कधी आजारी पडत नाही गं. वृद्धाश्रमात सगळ्यांना ताप येतो, उलट्या होतात, मी आपली उभी."

इरावतीचा पाय ॲक्सिलरेटरवरून निघाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला. तिच्या डोक्यात पुण्यातल्या कॉलेजचा एक वर्ग उघडला होता, शेवटच्या बाकावरून ऐकलेलं एक वाक्य. आफ्रिकी वंशाच्या पुष्कळ माणसांत या पेशींचा आकडा जन्मतःच कमी असतो, आणि तो आजार नसतो. परीक्षेला आलं नाही म्हणून ते वाक्य तसंच राहून गेलं होतं.

सोमवारी जेवणाच्या सुटीत तिने जे करायला नको होतं ते केलं. त्या दिवशी रुविम्बोची कुठलीही नळी लॅबमध्ये आलेली नव्हती, म्हणजे तिची माहिती उघडायचं इरावतीला काही कारण नव्हतं. तिने उघडली. सहा वर्षांपूर्वी, आयर्लंडला आल्या आल्या: एक पूर्णांक दोन. त्यानंतर दीड वर्षाने: एक पूर्णांक एक. कॅन्सरच्या आधी, केमोच्या आधी, धडधाकट असताना. केमोच्या काही गुरुवारी मात्र तो जेमतेम दीडवर टेकला होता आणि त्या दिवशी औषध मिळालं होतं. तिसऱ्या फोनच्या दिवशीचा एक पूर्णांक एक हा पडलेला आकडा नव्हताच. ती तिची नेहमीची जागा होती.

इरावतीने खुर्ची मागे सरकवली.

मग ती रीतीने वागली. पुढच्या गुरुवारी नळी आली, आकडा आला एक पूर्णांक दोन, आणि वॉर्डला पुन्हा 'नाही' कळवावं लागलं. तिने अहवालाखाली टीप लिहिली: पेशंटचा हा आकडा पूर्वीपासूनच असा आहे, डफी रक्तगटाची तपासणी सुचवत आहे. डफी हा रक्तगटाचाच एक प्रकार. मलेरियाच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या पुष्कळ लोकांच्या लाल पेशींवर डफीची खूण नसते. अशांच्या रक्तात पांढऱ्या पेशी कमी फिरताना दिसतात, पण लागतील तिथे त्या हजर होतात. एका नळीत निकाल लागला असता.

दहा मिनिटांनी लॅबप्रमुख ईमर तिच्या टेबलाशी आली. पन्नाशीची, मनाने चांगली, पण कामात काटेकोर बाई. "इरा, उपचारावर टीप आपण घालत नाही. ती मोठ्या डॉक्टरांकडून यावी लागते. मी काढून टाकलीय."

"मग त्यांना विचारू का?"

"डॉक्टर शेरिडन पुढच्या बुधवारपर्यंत रजेवर आहेत. त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरला, रजिस्ट्रारला मेल कर."

तिने मेल केला. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं. प्रोटोकॉलप्रमाणे मर्यादा दीड आहे. सुरक्षिततेसाठी आता पेशंटचा डोस पाव हिश्शाने कमी करत आहोत. आभार.

त्या संध्याकाळी जेवताना नरेशने तिचा चेहरा पाहिला आणि विचारलं. तो पुण्याचाच, सॉफ्टवेअरमधला, घरूनच काम करायचा. तिने नाव न घेता सांगितलं, पण त्याला कळायचं ते कळलं.

"तू कळवलंस ना? मग झालं तुझं काम," तो म्हणाला. "रजिस्ट्रेशन आहे तुझं, ते जाऊ शकतं. उद्या कुणी विचारलं, बिनकामाची फाइल का उघडलीस, तर काय सांगशील?"

"तिचा डोस कमी केलाय, नरेश. गाठ तेवढीच आहे आणि औषध कमी."

"डॉक्टर मूर्ख नसतात गं."

"मूर्ख नाहीतच. ती रेषा आमच्याच लॅबने आखलीय. वीस वर्षांपूर्वी, याच गावातल्या एकशेवीस रक्तदात्यांवरून. त्यात तिच्यासारखं एकही माणूस नव्हतं. आणि त्या रेषेवर बोट ठेवून फोन मी करते."

रेवाने ताटातून वर पाहिलं. "इज तारीरोज मॅम नॉट ग्रँड?" तिने तिथल्या इंग्रजीत विचारलं, म्हणजे तारीरोची आई बरी नाही का. इरावतीने तिच्या ताटात आणखी भात वाढला.

शनिवारी सामना संपल्यावर पोरी चिखलाचे बूट धुवायला गेल्या आणि त्या दोघी गाडीत बसल्या. वारा गाडीला धक्के देत होता. इरावतीने समोर बघतच सगळं सांगितलं. आकडे, तारखा, डफी, मेल. कुठे 'कदाचित' म्हणायचं तिथे कदाचित म्हटलं. शेवटी एका कागदावर तपासणीचं नाव लिहून पुढे केलं. "येत्या गुरुवारी हे माग. जुने रिपोर्ट बघा म्हणावं. नाही म्हणाले तर का नाही ते लिहून द्या म्हण."

रुविम्बोने कागद घेतला, पण वाचला नाही.

"माझं रक्त तुझ्याकडे येतं," ती म्हणाली.

"हो."

"नाही म्हणून वॉर्डला कोण कळवतं?"

"लॅबमधलं कुणीतरी." मग इरावतीला त्या उत्तराची लाज वाटली. "मी. मीच कळवलं. प्रत्येक वेळी."

"आणि संध्याकाळी मला विचारत होतीस, काय झालं."

"सांगायची परवानगी नसते, रुविम्बो."

"मला माहितीय परवानगी नसते. मीही म्हाताऱ्यांची कामं करते, मलाही नियम आहेत." तिचा आवाज चढला नाही. "मी त्यांना सांगत होते, मी ठणठणीत आहे. जाऊ द्या, औषध द्या. त्यांनी मला घाबरट पोरीसारखं थोपटलं. गाठ लागली तेव्हाही मी सांगत होते, आणि सात महिने पत्र फिरत राहिलं. नंतर मोठे डॉक्टर म्हणाले, तुमच्या बायकांत हा कॅन्सर जरा आक्रमकच असतो. म्हणजे जे माझ्या रक्तात जन्मापासून आहे त्याचा दोष माझ्या स्वयंपाकाला, आणि जे पोस्टात अडकलं त्याचा दोष माझ्या रक्ताला. आणि तू मला लाडू देत होतीस."

काचेवरून पाणी ओघळत होतं. पोरी धावत आल्या, दार उघडलं, ओल्या मोज्यांचा वास आत शिरला. घरापर्यंत त्या दोघींनीच बडबड केली. उतरताना रुविम्बोने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, "गुरुवारी मी बसने जाईन."

ती बसने गेली. काय घडलं ते इरावतीला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. रजिस्ट्रारने आधी ऐकून सोडून दिलं. रुविम्बो खुर्चीतून उठली नाही. पुढचे पेशंट ताटकळले, नर्स दोनदा येऊन गेली. हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं, असं विचारल्यावर ती म्हणाली, "मला वाचता येतं." शेवटी रजेवरून नुकतेच परतलेले डॉक्टर शेरिडन स्वतः आले. त्यांनी जुने आकडे उघडले, तारखा ताडून पाहिल्या आणि ते म्हणाले, "हे आम्ही आधी बघायला हवं होतं." नळी डब्लिनला गेली. आठ दिवसांनी निकाल आला. ती खूण रुविम्बोच्या रक्तात नव्हती. तिची रेषा दीडवरून खाली आणली गेली आणि त्यानंतरचं प्रत्येक औषध पूर्ण मापाने, ठरल्या दिवशी मिळालं. ताप एकदाही आला नाही.

पण तोवर चार आठवडे वाया गेले होते आणि निकाल येईपर्यंतचे दोन डोस अपुरे पडले होते.

मे महिन्यात ईमरने इरावतीला खोलीत बोलावलं. रुग्णालयाने त्या प्रकरणाची चौकशी लावली होती आणि कुणी कधी कुठली फाइल उघडली याची यादी टेबलावर होती. एका सोमवारच्या ओळीवर पिवळी खूण केलेली होती.

"यात नळी नव्हती," ईमर म्हणाली.

"नव्हती."

"तूच तिला सांगितलंस?"

"हो."

ईमरने चष्मा काढला. "माझ्याकडे यायचं होतंस, इरा."

"आले होते. तुम्ही टीप काढलीत."

ईमरच्या गळ्यावर लाल चट्टे उमटले. "हे मी लिहून देईन," ती म्हणाली. "टीप मी काढली, असंही लिहीन. पण तुला लेखी ताकीद मिळेल. ती मला थांबवता येणार नाही."

ताकीद मिळाली, एक वर्षाची. नरेशने पत्र वाचलं, आणि मी म्हटलं होतं, असं काही तो म्हणाला नाही; फक्त चहा करून आणला. लॅबमध्ये पुढच्या महिन्यात बैठक झाली. कमी आकडा दिसला की जुने आकडे पाहायचे आणि गरज वाटली तर डफीची तपासणी सुचवायची, असा नियम झाला. बैठकीत टाळ्या वाजल्या. इरावतीने त्या दिवशी घरी येऊन मागच्या अकरा वर्षांत आपण असे किती फोन केले असतील याचा विचार करायचा प्रयत्न केला. काही नावं आठवली. ब्लेसिंग नावाची एक बाई होती; दर वेळी हाच आकडा. तिच्या नळ्या येणं एका हिवाळ्यात थांबलं होतं. का, ते खालच्या मजल्यावर कधीच कळत नसे. ते शोधायला फाइल उघडावी लागली असती. तिने उघडली नाही. त्या रात्री आणि पुढे कितीतरी रात्री तिला झोप आली नाही.

रुविम्बोची शस्त्रक्रिया जुलैत झाली. त्या दोघी मैदानावर भेटायच्या, पोरींपुरतं बोलायच्या. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी रुविम्बोचा फोन आला. "सोमवारी स्कॅन आहे. सोबत येणार होती त्या वृद्धाश्रमातल्या बाईला सुटी मिळत नाहीय. तू येशील?"

इरावतीने रजा टाकली.

दोघी क्ष-किरण विभागाबाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसल्या. रुविम्बोचे केस आता बोटभर आले होते, मऊ, राखाडी. ती सुकली होती. बोलायला लागली की मात्र पूर्वीसारखीच सावकाश.

"शस्त्रक्रियेत काखेत अजून थोडं सापडलं," ती म्हणाली. "सगळं गेलं नव्हतं. आता सहा महिने केमोच्या गोळ्या."

"हं."

"तारीरोचंही रक्त तपासून घेतलं. तिचाही आकडा तसाच. डॉक्टर शेरिडनकडून चिठ्ठी लिहून घेतलीय, हिच्यासाठी हेच बरोबर आहे म्हणून. सही, शिक्का, सगळं." तिने आवाज खाली आणला. "गाठीचं अजून तपासायचंय, आनुवंशिक आहे का ते. ते मी तिला सांगितलेलं नाही."

समोरच्या दारातून एक म्हातारा बाहेर आला, त्याच्या बायकोने त्याच्या शर्टाचं बटण लावलं.

"तुला एक विचारायचंय," रुविम्बो म्हणाली. "डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणतात, त्याने फरक पडला असेल असं सांगता येत नाही. ते हे फार गोड बोलून सांगतात. तू सांग. ते चार आठवडे आणि ते दोन डोस. ते मिळाले असते तर काखेत काही उरलं असतं?"

इरावतीने उत्तराची तयारी कितीदा केली होती.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "कदाचित उरलंच असतं. कदाचित नसतंही. हे कुणालाच कळणार नाही, कधीच नाही. आणि मला त्याचं फार वाईट वाटतं."

रुविम्बोने मान हलवली. रागावल्याचं काही दिसलं नाही आणि बरं वाटल्याचंही नाही. हिशोबात न बसणारी एखादी गोष्ट माणूस नुसती बाजूला ठेवतो, तशी तिने ती ठेवली असावी.

"ते तरी खरं बोललीस," ती म्हणाली.

आतून तिचं नाव पुकारलं गेलं, आडनावाचा उच्चार चुकवत. तिने उठून तो शांतपणे दुरुस्त केला. नर्सने माफी मागून पुन्हा म्हटला, या वेळी बरोबर. मग रुविम्बोने कोट काढला आणि इरावतीच्या हातात दिला. "हा धर. आत गार असतं म्हणे, पण घालू देत नाहीत."

दार बंद झालं. वर लाल दिवा लागला. इरावती तो जड, पावसाने ओलसर झालेला कोट मांडीवर घेऊन त्या दाराकडे बघत बसली.